काहिलीतले दोघे

राहुरी,
मंगळवार, २६ नोव्हेंबर १९९६

आदरणीय दानिएलदादा यांना शमुवेलचा सलाम.

प्रभूच्या कृपेने आम्ही दोघे इकडे बरे आहोत. (हे वाक्य सवयीने आले. किती बरे आहोत ते पुढे कळेल.) तुमचे ब्लडप्रेशर कसे आहे? वहिनींचा गुडघा? बेलापूरला थंडी पडली असेल तर सकाळी बाहेर पडताना कानाला मफलर बांधत जा. कानातून शिरलेली थंडी छातीत उतरते, असे तुम्हीच तीस वर्षे कंपाउंडर असताना दवाखान्यात सगळ्यांना सांगत होता. माझे अक्षर थोडे हलल्यासारखे वाटेल. पेन नवे आहे.

आता कारण. येत्या रविवारी, एक तारखेला, उपासनेनंतर तुम्ही आमच्याकडे जेवायला येत आहात. जेवण झाल्यावर, मी यापुढे धरणावर मासे धरायला काहिलीत बसायचे की नाही, याचा निकाल तुम्ही द्यायचा आहे. मरियेने मला हे सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती आणि तिने थापणे थांबवले नाही. "दादा म्हणंल ते," एवढेच म्हणाली. एकेचाळीस वर्षांत तिने माझे ऐकले नाही, तीन पाळक झाले, त्यांचेही नाही. पण तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचा शब्द ती मोडणार नाही. म्हणून माझी बाजू आधीच लेखी कळवतो आहे. तोंडी सांगायला लागलो की माझी वाक्ये तीच पुरी करते. एस.टी.डी. बूथवरून फोन करणार होतो, पण त्या बूथचे दार लागत नाही आणि बाहेर ताटकळत उभे असलेले लोक मधूनमधून सल्ला देतात. पत्र शनिवारपर्यंत पोचायला हवे. पेटीत न टाकता पोस्टात खिडकीवर देणार आहे. (पेटीवरची डाक निघण्याची वेळ पुसट झाली आहे, आणि पुसट वेळेवर विसंबून राहण्याचे माझे वय राहिले नाही.)

काहील तुम्ही पाहिलेली नाही. मरियेने तिचे जे वर्णन केले असेल ते विसरा. ती गुऱ्हाळातली उसाचा रस आटवायची लोखंडी काहील आहे, सव्वासात फूट रुंद, कुठेही गळत नाही. मच्छिंद्रच्या साडूचे गुऱ्हाळ बंद पडले (सगळा ऊस कारखान्याला जातो), तेव्हा ती त्याने आणली. मच्छिंद्र म्हणजे पाटबंधाऱ्यातला जुना पाटकरी, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आठ वर्षांपूर्वी मी शाळेतून निवृत्त झालो त्या महिन्यात तो घरी आला आणि म्हणाला, "मास्तर, आता पोरं न्हाईत, मग वरडायचं कुनावर? चला, मासं धरू." तेव्हापासून दर बुधवारी आम्ही जातो. काहिलीला नाक नसते आणि शेपूट नसते, त्यामुळे ती पुढे जाते आहे की मागे हे तिला कळत नाही, ती फिरते. दोघांनी बरोबर समोरासमोर बसायचे आणि दोघांची वजने सारखी असायला हवीत, नाहीतर ती एका अंगाला कलून पाणी घेते. पहिल्या दिवशी आम्ही गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर वजन केले होते. तो चौसष्ट भरला, मी त्रेसष्ट. त्या एका किलोचा मोठेपणा त्याने मला बरीच वर्षे ऐकवला. सांगायचे ते एवढेच, की काहील ही एकट्याने बसायची गोष्ट नाही. मी नाही गेलो तर मच्छिंद्रही जाऊ शकणार नाही. हा माझा पहिला मुद्दा. तो टिपून ठेवावा.

आता मागच्या बुधवारी काय झाले ते. तुमच्या कानावर तीन प्रकारे आले असेल; हा चौथा. सकाळी साडेनऊचा सुमार. काठापासून दीडशे फूट आत होतो. मच्छिंद्रचा गळ पाण्यात होता आणि मच्छिंद्र डुलकीत होता. (अलीकडे त्याला डुलकी लागते.) गळाला कणीक लावलेली, वर बुचाचा तुकडा तरंगत असतो, मासा लागला की बूच खाली जाते. तसे ते गेले. मी त्याला उठवण्यासाठी ओरडलो, "मच्छिंद्र, बुडालं." दादा, या दोन शब्दांत एक स्वल्पविराम आहे. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले, आणि स्वल्पविराम कुठे द्यावा यासाठी पोरांच्या हातावर छड्या दिल्या. काठावर बायडाबाई शेळ्या चारत होती. पाण्यावरून आवाज लांब जातो, स्वल्पविराम जात नाही. तिने ऐकले: मच्छिंद्र बुडालं. आता कोणी म्हणेल, मच्छिंद्र हा पुरुष. बुडाला असता तर 'बुडाला' म्हटले असते, 'बुडालं' हे बुचाचे लिंग. पण बायडाबाईला ज्याची कीव येते त्याला ती नपुंसकलिंगात घालते. शेळी, नवरा, बदली झालेला तलाठी, सगळेच बिचारं. त्यामुळे तिच्या मनात व्याकरणाची शंका आली नाही. शेळ्या तिथेच सोडून ती डांबरी रस्त्याला पळाली, कांद्याचा एक टेम्पो थांबवला, आणि बातमी राहुरीला पोचली तेव्हा मच्छिंद्र जागा होऊन दोरी ओढत होता.

मासा मोठा होता असे आम्हाला वाटले. तो जागचा हलेना. आम्ही ओढू लागलो की काहीलच त्याच्याभोवती फिरे. दुसऱ्या फेऱ्यात दोरी आमच्या अंगाभोवती आली. "मास्तर," मच्छिंद्र म्हणाला, "आपुन त्याला धरलं का त्यानं आपल्याला?" वीस मिनिटे झाल्यावर मला शंका आली, त्यालाही आली असावी, तरी दोघेही ओढत राहिलो. धरणात बुडालेल्या शिवारातली ती बाभूळ होती. शेवटी दोरी तुटली, माझ्याकडे पाठ करून ओढणारा मच्छिंद्र मागच्या मागे येऊन माझ्या मांडीवर पडला, दोघांचा भार एका अंगाला आला, चार-पाच बादल्या पाणी आत आले आणि एकुलते एक वल्हे बाहेर गेले. मग वाऱ्याने आम्हाला टेकडीच्या सोंडेमागे नेले. आम्ही जेवणाच्या डब्यांच्या झाकणांनी वल्हवले. त्याचे झाकण मोठे, माझे लहान, त्यामुळे पुन्हा गोल. तासाभराने काठाला लागलो आणि काहील बाभळीला (जिवंत) बांधून चिखलातून चालत निघालो. मी भ्यालो नव्हतो. मला पोहता येते. १९५८ साली शेवटचा पोहलो. पोहणे विसरत नाही म्हणतात. (म्हणणारे सगळे तरुण होते.)

सोंडेला वळसा घालून आलो तर काठावर साठसत्तर माणसे. काहील दिसेना म्हणून तोवर बातमीत माझाही समावेश झाला होता. आमचे पाळक डोळे मिटून प्रार्थना करत होते. प्रार्थना चालू असताना मध्ये बोलू नये हे तुमच्या-माझ्या अंगात लहानपणापासून भिनलेले आहे. मी टोपी काढली, मागे उभा राहिलो, डोळे मिटले. पाळक कोणा मृताचे गुण सांगत होते. मितभाषी, वेळ पाळणारा, भांडणात न पडणारा. मला वाटले, चांगला माणूस गेला. आपली त्याची ओळख नव्हती. शेवटी सगळ्यांबरोबर मी आमेन म्हणालो. मरियेने माझा आमेन ओळखला. तो थोडा उशिरा येतो. ती वळली, माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. तेवढ्यात मच्छिंद्रने पुढच्या माणसाच्या खांद्याला हात लावून विचारले, "कोन गेलं हो?" तो माणूस मागे वळला आणि चिखलात खाली बसला. मच्छिंद्रच्या भीमाबाईने नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहून घेतले. "न्हाई बुडाला व्हय?" ती म्हणाली. "आन् मी कापूस येचायचा टाकून आले." मग ती रडली. बायडाबाई सर्वांना सांगत होती की बुडालं होतं, तिनं सोताच्या कानानं ऐकलं, आता वर आलं त्याला ती काय करनार.

घरी आल्यावर मरियेने चूल पेटवली. चहा दिला आणि म्हणाली, "पाण्यावर चालणारा एकच झाला. तो तुमी नव्हं." त्यानंतर तुमचे नाव निघाले.

आता माझी बाजू. एक, काहील बुडाली नाही. बुडाले ते बूच. दोन, वल्हे नवीन करायला टाकले आहे, आणि यापुढे ते दोरीने मनगटाला बांधायचे असे मी ठरवले आहे. (मग पडलोच तर वल्ह्यासकट पडू, आणि वल्हे पडले तर तेही आमच्यासकट पडेल.) तीन, नजर. गळाच्या नेढ्यात दोरी ओवायला मला पूर्वी एक मिनिट लागे, आता वीस लागतात. पण ते मी काठावर बसून करतो, त्यात धोका नाही. गाठ मारल्यावर तीनदा तपासतो. घरातून निघाल्यावर कुलूप दोनदा बघून येतो, मरिया आत असली तरी. चार, काहिलीत चढताना गुडघा थरथरतो, तो थंडीने. मेमध्येही थरथरला होता, तेव्हा सकाळ होती. पाच, मी घरी बसलो तर काय करू? सकाळी वर्तमानपत्रात मी आधी निधनवार्ता वाचतो आणि वये बघतो. पाण्यावर मी ते करत नाही. तिथे बुचाकडे बघावे लागते, आणि बूच हलत नाही तोवर आपले काही वाईट झालेले नसते. हे मरियेला समजावून सांगता आले नाही. तुम्हाला लिहिले तेव्हा मलाही पहिल्यांदा कळले.

तरी विचार करून निकाल द्यावा. तुमच्या निकालाचा मी मान राखीन. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. ताप असला तर प्रवास करू नका, पण साधी सर्दी असली तर या.

आपला नम्र,
शमुवेल

ता. क. १: वरची बाजू मरियेसाठी लिहिली. ती पाकीट चिकटवण्याआधी वाचते; आता वाचून झाली आहे आणि ती बाहेर गहू निवडत बसली आहे. दादा, मला बंदी घाला. मच्छिंद्रच्या बाजूला काहिलीत विटा असतात. मी पोचण्याआधी तो त्या ठेवतो, वर गोणपाट टाकतो, पाय कोरडे राहतात म्हणतो. पहिली वीट जूनमध्ये आली. मागच्या बुधवारी चार होत्या. मी गणिताचा मास्तर नाही, पण वीट तीन किलोची धरली तरी बारा किलो होतात. पाणी फार पितो. माझी बाटलीही संपवतो. इतका का वाळलास, असे एकदा विचारले तर "दात गेलं मास्तर, चावत न्हाई," म्हणाला आणि दुसराच विषय काढला. भीमाबाईला विटांचे माहीत नाही. त्याला स्वतःसाठी थांब म्हटले तर तो थांबणार नाही. पाचवी वीट ठेवील. माझ्यासाठी थांबेल. जन्मभर टोमणे मारील, ते मी ऐकून घेईन.

ता. क. २: रविवारी त्यालाही जेवायला बोलावले आहे. तो तुमच्या शेजारी बसेल असे करतो. त्याला काही विचारू नका, नुसते बघा. मग त्याच्यादेखत माझी नाडी धरा, पापणी ओढा, आणि मास्तर, लघवी-रक्त तपासायला नगरला गेले पाहिजे असे जरा गंभीर तोंडाने सांगा. मी म्हणेन, एकटा जाणार नाही. तो म्हणेल, चला, मी येतो. सोबतीला तो कुठेही येतो. तिथे गेल्यावर, आलाच आहेस तर तूही दे, असे त्याला म्हणायचे काम माझे. बंदी घातल्यावर मी वाद घालीन. थोडा वेळ घालू द्या. लगेच ऐकले तर त्याला संशय येईल.

ता. क. ३: माझी नाडी धरालच, तर मोजूनही घ्या.