तिसरं कडवं

धुळे,
संक्रांतीनंतरचा गुरुवार

प्रिय अभिमन,

तुला पत्र लिहायची वेळ या जन्मात कधी आली नव्हती. एरंडोलात आपल्या दोघांच्या ओट्यांमध्ये एका हाकेचं अंतर. पत्र कशाला लागणार? आता लेकीच्या घरी, गच्चीवर कोवळ्या उन्हात पाय पसरून बसलोय आणि मांडीवर पाट घेऊन लिहितोय. लता दर घटकेला वर येऊन सावली कुठवर आली ते बघते आणि माझी खाट उन्हाकडे सरकवते. सुखात आहे म्हणायला हरकत नाही. फक्त इथल्या वांग्याला चव नाही, आणि मी दवाखान्यात होतो तेव्हापासून तू एकदाही आला नाहीस.

परवा तुझ्या कमलबाई येऊन गेल्या. एसटीने एकट्याच आल्या, कळण्याच्या भाकरीचं पीठ घेऊन. तुझं विचारलं तर पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भाऊ, त्या कोनसंगे बोलतस नहीत. बठ्ठा दिन वावरमा बठेल राहतस." दिवसभर शेतात बसूनही तू या हिवाळ्यात बांधावर कुणाला काडी पेटवू देत नाहीस, हेही सांगितलं. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे, अभिमन.

तुझ्या बांधावरचा तो भरिताचा रविवार मला सारखा आठवतो, आणि नवल म्हणजे तो वाईट दिवस म्हणून आठवत नाही. थंडी काय सुरेख पडली होती! कपाशीच्या वाळल्या काड्यांचा तो पिवळा जाळ, त्यात तडतडणारी वांगी, मिरच्यांचा खमंग ठसका, आणि भरीत ठेचायची लाकडी बडजी धुऊन तयार ठेवणारा आपल्या मंडळींतला झुलाल. आपला रिवाजच तो. वांगी भाजेपर्यंत शाळेतली नदीची कविता म्हणायची. मास्तरांनी वाटून दिली होती तशीच अजून. पहिलं-दुसरं कडवं माझं, तिसरं तुझं, चौथं दोघांनी मिळून. पुढे मी जन्मभर मुलांना कविता शिकवल्या, पण ही तोवर पुस्तकातून गेली होती, म्हणून तुझं कडवं पाठ करायची गरज मला कधी पडलीच नाही. तू होतास ना.

माझं दुसरं कडवं संपता संपता पोटरीत कळ आली, सुरा खुपसावा तशी, आणि थोड्या वेळात पाय माझा राहिलाच नाही. पांढराफटक, विहिरीतल्या दगडासारखा गार. मी म्हटलं, पायाला मुंग्या आल्या, थंडी भरली. तू म्हणालास, "शाल्या, धर तो विस्तवाजवळ." आणि काठीनं निखारे माझ्या पायाशी ओढलेस. मला बरं वाटलं, असं मी तुला सांगितलंही. खोटं नव्हतं ते. दुखायचं थांबलंच होतं. डोळे मिटून तू तिसरं कडवं सुरू केलंस, आणि अर्ध्यावर झुलाल ओरडला, "ओ गुरुजी, वांगासंगे पाय बी भाजी राहिनात का?" आधी सगळे हसले. मीही हसलो. मग वास आला, आणि तुझं कडवं तिथंच थांबलं.

त्यानंतरचं तुलाच जास्त माहीत. गावातल्या भटूची जीप, जळगावचा रस्ता, माझं डोकं तुझ्या मांडीवर. दवाखान्याच्या दारात तू डॉक्टरांना म्हणालास, "मी भाजलं याला." त्यांनी पाय दाबून पाहिला, घोट्याजवळ नाडी शोधली, ती लागेना, मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. माझं हृदय म्हणे ठेका चुकवतं, कुणी मात्रा गाळत कविता म्हणावी तसं. मग आत रक्त साकळतं, आणि त्यातली एक गुठळी वाहत जाऊन मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकली होती. उशीर झाला तर पाय मांडीपासून कापावा लागेल, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. तेव्हा तू बाहेर बाकावर होतास.

भूल फक्त जांघेपुरती दिली. तिथं चीर घेऊन त्यांनी एक बारीक नळी आत सारली. टोकाला इवलासा फुगा. गुठळीच्या पलीकडे गेल्यावर तो फुगवायचा आणि अलगद मागे ओढायचा, की कचरा त्याच्यासंगे बाहेर. तुझ्या केळीतल्या ठिबकच्या नळ्या तुंबल्या की तू जी खटपट करतोस तिची आठवण झाली. भीती वाटत होती, म्हणून मी कविता म्हणू लागलो. डॉक्टर म्हणाले, "म्हणा गुरुजी, थांबू नका, हात चांगला चालतो माझा." दोन कडवी म्हटली आणि अडलो. तिसऱ्याचा एक शब्द आठवेना. ते म्हणाले, "पुढे?" मी म्हटलं, पुढचं बाहेर बाकावर बसलंय. ते हसले, आणि तेवढ्यात पायात ऊब उतरली. आतून आलेली ऊब, अभिमन. ती निराळीच असते.

आता मुद्द्याचं. दोन बोटं काढावी लागली, हे तू ऐकलंसच. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, विस्तवानं गेली का? ते म्हणाले, "हो. रक्त नसलेल्या पायाला शेक देऊ नये, चोळूही नये. पण तुम्ही भाजला नसता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, भरीत खाल्लं असतं, घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपलो असतो. ते म्हणाले, "मग सकाळी मला पूर्ण पाय कापावा लागला असता." हे दोन्ही खरं आहे. तुझं मन राखायला मी एक लपवणार नाही, आणि तूही दुसरं विसरू नकोस. निखारे ओढणारा हात तुझा होता, आणि मला उचलून जीपमध्ये घालणाराही तुझाच.

रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या रोज घेतो. घरातल्या घरात चालतो, थोडा डावीकडे झुकून. लता म्हणते, नाना, आता इथंच राहा, एरंडोलचं घर देऊन टाकू. जावईही तेच म्हणतात, आणि प्रेमानं म्हणतात. मी होही म्हटलं नाही, नाहीही नाही. तिथं जाऊन ओट्यावर बसायचं आणि समोरून तू मान खाली घालून निघून जायचंस, तर इथलं बेचव वांगं काय वाईट? म्हणून हे पत्र. सोबत एक कोरं कार्ड आहे, माझा पत्ता घातलेला. माफी मागू नकोस, खुशाली लिहू नकोस, तुला ते जमतही नाही. फक्त आपलं तिसरं कडवं पुरं लिही आणि पेटीत टाक. ते आलं की मी लतेला उत्तर देईन आणि एरंडोलची एसटी धरीन. वावरात काड्या रचून ठेव. मी जाळापासून लांब बसेन.

तुझाच, दोन बोटांनी उणा,
शाल्या