तीस टक्क्यांचा डबा

कंधार, मंगळवार, संध्याकाळ

आज दुकानात डिशच्या एकाच छत्रीची वायर टीव्हीच्या दोन सेट-टॉप डब्यांना लावून बघितली. लोहा गावच्या काकांना दिला तसल्याच नव्यावर सिग्नल सत्तर टक्के, तरी कन्नड चॅनलला पडदा निळाच. त्यांच्याकडून बदल्यात आणलेल्या जुन्यावर तीसच टक्के, आणि चित्र स्वच्छ!

हेच तीस बघून महिन्यापूर्वी मी काकांना म्हणालो होतो, "भंगार हाय हे, नवा घ्या." आकडा बघितला, चित्र न्हाई बघितलं. इतकी वर्षं हाच धंदा करून राहिलो, आणि ही अक्कल!

काकू बिदरकडच्या. लकवा मारल्यापासून मराठी पार विसरलेल्या, त्यांना फक्त ते कन्नड चॅनल कळायचं. नव्या डब्यावर ते दिसेना म्हणून काकांनी चारदा फोन केला. चारही वेळा मी "ढगं हायत" म्हणून टाळलं. आभाळ तर कोरडं ठणठणीत होतं.

दुपारी जुना डबा घेऊन तडक लोह्याला गेलो. अंगणात काकूंची खाट भिंतीला उभी केलेली. काकू परवाच गेल्या.

"शेवटपर्यंत निळ्या पडद्याकडं बघायची," काका म्हणाले.

मी डबा पिशवीतून काढलाच नाही. मला शिव्या तरी द्यायच्या होत्या त्यांनी. उलट पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू तरी काय करशील बाबा, ढगं होती."

मी "हाव" म्हणालो.