मानशीचं दार कुठल्या बाजूला

बाबा, तुमच्या नावावर एका बाईचं शेत मागून घेतलं आणि ते जवळजवळ खाऱ्या पाण्यात घातलं, हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. ती बाई म्हणजे आमच्या शाळेमागची मावशी. ऐंशीला टेकली आहे, तब्येत खणखणीत, पण कधी ना कधी तिकडे येईलच, आणि आल्या आल्या घोटभर पाणीसुद्धा न पिता तुम्हाला आधी हेच ऐकवील.

मी आता पेडण्यातल्या एका नदीकाठच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. यंदा वरून फर्मान आलं की नववीच्या मुलांनी पर्यावरण नुसतं पुस्तकातून शिकू नये, निसर्गाच्या कलानं चालेल असं काहीतरी स्वतः आखावं आणि स्वतःच्या हातांनी बांधून दाखवावं. हेडमास्तरांच्या डोक्यात बाटल्यांत लावलेला मनीप्लांट होता. मी म्हटलं, बाटल्या कसल्या लावताय, मागं खाजन आहे, भरतीचं पाणी बांधानं अडवून केलेली भातशेती आहे, आणि बांधातली मानस पार कुजली आहे. मुलं नवी बसवतील. मानस म्हणजे पाण्याचं दार, भरती आली की आपण होऊन मिटतं आणि ओहोटीला आपण होऊन उघडतं, वीज नको की माणूस नको, असं मी त्यांना इतक्या ऐटीत सांगितलं की ते बघतच राहिले. आमच्या बाबांनी चोपडे गावात उभा जन्म मानस सांभाळली, हेही वर ठेवून दिलं.

दाराच्या अगदी आतलं शेत मावशीचं. तिच्याकडे परवानगी मागायला गेले तर तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "चोपड्याच्या मानशीकाराचा चेडू मा गो तू?" होय म्हटलं. "मगे कर. शाळेक न्हय, तुझ्या बापाशीच्या नावार दितंय. भात पोटरेक इलाहा. खारा पाणी शिरला तर औंदा पेज नाय, आणि फुडली दोन वर्सा जमीन रुसान बसतली." मी मान डोलावली. तेव्हा मला काडीचीही भीती वाटली नाही, बाबा, आणि चुकलं ते तिथंच.

मुलांनी काम मात्र जीव लावून केलं. बांबूवर नेलपॉलिशच्या रेघा मारून पंधरा दिवस भरती मोजली. बांधातली कुर्ल्यांची बिळं पेंढा आणि चिखल ठेचून बुजवली. एकीच्या आईनं घरातला सगळा पेंढा गेला म्हणून शाळेत येऊन भांडण काढलं. जुनं दार उपटून त्या जागी तात्पुरती माती घातली. नकाशा संगणकावर सात रंगांत काढला. एक मुलगी, जरा जास्तच प्रश्न विचारणारी, म्हणाली, "टीचर, दार खंयच्या बाजूक उघडतलें?" मी म्हटलं, आधी ते बाण सरळ काढ. पुढं चौकटीपाशी सावंतवाडीकडच्या सुतारानंही तेच विचारलं, "बाय, दार खंय लावचा, भायर काय भितर?" बिचारा जन्मभर घरांचीच दारं करत आलेला. मी ठणकावून सांगितलं, आत. तो खूश झाला. म्हणाला, "तर बरा. दार भायर उघाडला तर लक्ष्मी जाता." आम्ही दोघांनी मिळून लक्ष्मीची सोय केली आणि बिजागऱ्या शेताच्या बाजूला ठोकल्या.

उद्घाटन पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता, कारण तेव्हा नदी भरलेली असते आणि फोटो चांगले येतात, असं हेडमास्तरांचं म्हणणं. सकाळी ओहोटीला मुलांनी ती माती काढली. दार हातानं हलवून पाहिलं, छान झुलत होतं. दहाच्या सुमाराला प्रमुख पाहुणे आले, फीत बांधली, 'शाश्वत विकास' असा मोठा फ्लेक्स पाहुण्यांच्या फोटोसकट बांधावर लागला. चढतं पाणी दाराला लागलं. आणि दार, घरी सोयरे आल्यावर उघडावं तसं, हळूच आत उघडलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर माइकवर म्हणाले, बघा, आपोआप. तेवढ्यात मावशी पलीकडच्या बांधावरून ओरडली, "अगो, उघाडता कित्या? बंद जावक होया मा ता?"

मी साडीसकट पाण्यात उडी घेतली. मागून मुलं आली, सुतार आला, आणि शेवटी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हेडमास्तरही आले. आम्ही सातजण दाराला पाठ लावून उभे, नदी पलीकडून ढकलतेय, आम्ही अलीकडून. फटींतून पाणी येतच होतं, तेव्हा मुलींनी तो फ्लेक्स काढून, चिखल थापून फटींवर बसवला. पाहुण्यांनी बांधावरून स्वतःचा चेहरा चिखलात जाताना पाहिला, पण माणूस भला निघाला. त्यांच्यासाठी आणलेले उंडे पाव आणि पातळ भाजी त्यांनीच हातात घेतली आणि दार ढकलणाऱ्यांच्या तोंडात एकेक घास भरवत राहिले. एक वाजून गेला तेव्हा कुठं पाणी मागं हटलं. मावशीच्या शेताचा एक कोपरा खारवला, बाकीचं वाचलं. रात्रीची भरती यायच्या आत दारापुढं पुन्हा माती लोटली.

त्या तीन तासांत माझ्या पाठीला दार होतं आणि डोळ्यांपुढं तुम्ही होता. रविवार आहे, मी आठवीत आहे. तुम्ही अंगणात उभे आहात, पोटऱ्यांपर्यंत चिखल. म्हणताय, "चल गो मानशीर, पाणी फिरता ता बघ." मी आतून ओरडते, माझी परीक्षा आहे. परीक्षा नाही. मी पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचतेय. आदल्याच दिवशी वर्गातल्या मैत्रिणीनं तुमच्या अंगाला खाजनाचा वास येतो म्हणून नाक धरलं होतं, आणि मला लाज वाटली होती, तिची नव्हे, तुमची. तुम्ही म्हणालात, "शिक तर. चिखल खंय पळान जायना." दुपारी मानशीवर मिळालेली काळुंद्री मासळी घेऊन आलात, तीही मी तुमच्याकडून काटे काढून घेऊन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाण्याची परात ठेवली, डब्याचं झाकण दार म्हणून धरलं, आणि दहा मिनिटांत नववीला कळलं की दार नदीच्या बाजूला लागतं: भरतीनं चौकटीवर दाबलं जातं, ओहोटीला शेतातलं पाणी त्याला बाहेर ढकलतं. मलाही तेव्हाच कळलं. दार काढून नदीच्या बाजूला बसवलं. अमावास्येच्या भरतीला सगळा वर्ग बांधावर. पाणी आलं आणि दार थप्पकन मिटलं. मावशी वाकून वाकून फटी बघत होती. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मुलांना म्हणाली, "हो हिच्या बापाशीचो हात." आणि मला, "तेणीच शिकयला मा तुका?" मी म्हटलं, होय.

आज सुटीच्या घंटेनंतर ती प्रश्नवाली मुलगी थांबली. म्हणाली, टीचर, बाबांनी शिकवलं होतं, तर मग पहिल्यांदा उलटं कसं लागलं? मी म्हटलं, उद्या सांगते. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, वहीतच राहील. पण उद्या तिला सगळ्या वर्गासमोर खरं सांगायचं ठरवलंय, की त्यांनी बोलावलं होतं, मीच गेले नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं.