स्टेनलेस, ब्ल्यूड आणि बिडाचा तवा

६ फेब्रुवारी
वैतांगी डे, म्हणजे न्यूझीलंडच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. पिस्तूल क्लबात नाव घातलं. आधी काही महिने क्लबच्या बंदुका, मग पोलिसांची परवानगी, मग स्वतःचं रिव्हॉल्व्हर. ही झाली किरकोळ कामं. खरा प्रश्न, स्टेनलेस की ब्ल्यूड? स्टेनलेस पुसलं की झालं. ब्ल्यूड म्हणजे निळसर काळी झाक दिलेलं पोलाद. हाताळलं की तेल लावायचं, नाहीतर वेलिंग्टनच्या खाऱ्या वाऱ्यात गंजतं. शिस्तीच्या माणसाने ब्ल्यूडच घ्यावं.
नीलिमा म्हणाली, आधी पलंगावरचा ओला टॉवेल उचल. बायकोला पोलादातलं कळत नाही.

९ फेब्रुवारी
क्लब. एकही गोळी कागदाला लागली नाही. क्लबचं रिव्हॉल्व्हर स्टेनलेस आहे, डोळ्यांवर चमकतं. शिकवणाऱ्या ग्रॅहमला सांगितलं. तो म्हणाला, डोळे उघडे ठेवून बघ, मेट.
ब्ल्यूड नक्की.

२ मार्च
अडचण. परवानगीआधी पोलिसांचा माणूस घरी येतो आणि बायकोशी वेगळं बोलतो. नीलिमाने अट घातली. तिच्या आईने सांगलीहून हातातल्या बॅगेत आणलेला बिडाचा तवा मी सांभाळायचा. धुतला की लगेच कोरडा करायचा, तेल लावायचं. "तवा टिकला तर तुझ्या बाजूने बोलेन. नाही टिकला तर खरं बोलेन."
मला हसू आलं. डोसे करायच्या तव्यावर माझी परीक्षा!

३ मार्च
तेल लावलं. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. सासूबाईंचे जोडलेले हात आले.

८ मार्च
खास बंदुकीचं तेल आणून लावलं. श्रिया म्हणाली, बाबा, डोसा टेस्ट्स लाइक अ लॉनमोवर. पुन्हा शेंगदाणा तेल.

१३ एप्रिल
दक्षिणेकडून थंडगार सदर्ली वारा, क्लब बुडाला. तव्यासाठी फोनवर रिमाइंडर लावला. आता विसरणं अशक्य.

२० एप्रिल
रिमाइंडर वाजला तेव्हा मी ब्ल्यूडवरचा व्हिडिओ बघत होतो. तवा रात्रभर सिंकमध्ये पाण्यात. सकाळी तांबूस डाग. जुन्या धातूवर चढणाऱ्या अशा रंगाला जाणकार पटिना म्हणतात.

२३ एप्रिल
पटिना पसरतोय. नीलिमाला सांगितलं, तव्याला विश्रांती दिली आहे. तिने डोशांऐवजी पोहे केले. पटलं असावं.

११ मे
बंदुकीसाठीची तिजोरी आली. गॅरेजच्या भिंतीला बोल्ट केली. किल्ली फक्त माझ्याकडे. तवा व्हिनेगरमध्ये बुडवून आत ठेवला. दोन दिवसांत गंज सुटेल.

१७ ऑगस्ट
येत्या शनिवारी पोलिसांच्या बाई येणार. टॉवेल उचलला. बोलायचे मुद्दे पाठ केले. तव्याचं काहीतरी राहिलंय असं वाटत होतं. आठवलं नाही.

२३ ऑगस्ट
बाई आल्या. इथल्या माओरी पद्धतीने किया ओरा म्हणून नमस्कार, मग चहा, चकली. मी तासभर जबाबदारीवर बोललो. त्यांनी तिजोरी बघायला मागितली. मी गॅरेजमध्ये नेलं, मागून नीलिमाही आली. सांगितलं की ही माझ्याशिवाय कोणी उघडत नाही. बाई म्हणाल्या, मग तुम्हीच उघडा.
उघडली.
आधी वास आला. व्हिनेगर कधीच आटलं होतं. तव्याला मधोमध भोक. बाईंनी विचारलं, हे काय? नीलिमा म्हणाली, "माझ्या आईचा तवा. हा विश्रांती घेतोय."
मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, दार लावलं. बराच वेळ हसण्याचा आवाज. शुभ लक्षण.

३० ऑगस्ट
अर्ज मी स्वतःहून मागे घेतला. ईमेल नीलिमाने लिहिला, मी फक्त पाठवला. क्लबात कळवलं. ग्रॅहमचं उत्तर: स्वीट ॲज. इथल्या बोलीत, फारच उत्तम.
स्टेनलेस की ब्ल्यूड, याचा निर्णय मात्र झाला. स्टेनलेस. नीलिमा कालच घेऊन आली. त्याला डोसा चिकटतो. खरवडायचं काम माझ्याकडे.
सासूबाईंनी ग्रुपवर विचारलं, तवा कसा आहे? मार्चमधला फोटो परत टाकला. जोडलेले हात आले. खाली लिहिलं होतं, डिसेंबरमध्ये येते, त्याच्यावरच आंबोळ्या करू.