दहा मिनिटांत कुलूपबंद

१२ मार्च, रविवार. सकाळी ९.
पेपरात लेख: ‘दहा मिनिटांत फोन सुरक्षित करा.’ लोकांना हे लेख वाचून कळावं लागतं! मेहुणा शेजारी बसून चहा पीत होता. त्याचा फोन म्हणजे धर्मशाळा. लॉक नाही, पासवर्ड नाही, गल्लीतला कोणीही उचलतो, बोलतो, ठेवून जातो. त्याला लेख दाखवला. म्हणाला, भावजी, माझ्याकडे चोरण्यासारखं आहे काय? हे मात्र खरं.

९.४५. दहा मिनिटं घाईवाल्यांना लागतात. मी नीट काम करणारा माणूस. पासवर्ड ठेवला. लोक जन्मतारखा ठेवतात, गाढव कुठले. मी बस डेपोच्या भांडारात एकतीस वर्षं स्पेअर पार्ट देतोय, हजारो पार्टांचे नंबर तोंडपाठ. त्यातलाच एक. इथेही लिहीत नाही.

दुपारी ४. लेख म्हणतो, घरच्यांची नावं उघडी ठेवू नका. बरोबरच आहे. ‘मुलगी’, ‘जावई’ म्हणजे चोराच्या हातात वंशावळ. सगळ्यांना पार्टांची नावं दिली. मुलगी: बेअरिंग. मेहुणा: हॉर्न. जावई: वॉशर. कधी आवाज नाही, पण मधे असतोच. यादी डोक्यात पक्की आहे.

१३ मार्च.
मुलीचे दिवस भरत आलेत. डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे. तिचं गाव इथून बसने तीन तास. तिचं एकच मागणं: त्या वेळी आई जवळ हवी. बायकोची बॅग भरून दाराशी उभी. जावयाला फोन करून बजावलं, कळा सुरू झाल्या की पहिली खबर मला. फक्त मला. बायकोला कळलं की सगळ्या जिन्याला कळतं. तो म्हणाला, हो बाबा. एवढंच बोलतो तो.

१४ मार्च.
बायकोचा फोनही सुरक्षित केला. म्हणाली, अहो, त्यात दूधवाला आणि माझी बहीण, दुसरं आहे कोण? डेटाची किंमत बायकांना कळत नाही. पासवर्ड चार वेळा चुकवला आणि वर मलाच बोलली. शेवटी फोन बंद करून कपाटात ठेवला, किल्ली माझ्याकडे. एका घरात एक सुरक्षित फोन पुरतो. ती म्हणाली, आणि तुम्ही उचलला नाहीत तर? उत्तर देण्याच्या लायकीचा प्रश्न नव्हता.

१५ मार्च.
भांडारातला रॅकवाला म्हातारा झाला. एकतीस वर्षं आमचं ठरलेलं काम: खिडकीवर मी नंबर म्हणायचा, त्याने आतून वस्तू आणायची. आज कोणी मागितलेलं नसताना वॉटर पंपाचं सील आणून ठेवलं. विचारलं, हे कशाला? म्हणाला, साहेब, तुम्हीच तर म्हणालात. परत पाठवलं. तासाभराने पुन्हा सील. मी फोन बघत होतो, व्यत्यय आला. दिवसात सहा सीलं. कान गेले बिचाऱ्याचे. वरिष्ठांच्या कानावर घालावं लागेल.

१६ मार्च. सकाळी ११.
मालाची मोजणी चालू. फोन सायलेंट. बघतो तर ‘वॉशर’चे सात कॉल. या सप्लायर लोकांना लाज नाही. मागच्या महिन्यात वॉशर कमी पडले हे कुठून तरी कळलं असणार. असाच डेटा फुटतो! ब्लॉक केला. दोन सेकंदांत. लेखात हे धैर्य शिकवलेलं नाही.

११.३०. रॅकवाल्याने पुन्हा सील आणलं.

दुपारी २. मेहुणा धावत डेपोत आला. चप्पल एकच. सगळ्या वर्कशॉपसमोर ओरडला, भावजी, आजोबा झालात, फोन का उचलत नाही? जावयाने दीड वाजता त्याला फोन केला म्हणे. धर्मशाळेत!

१७ मार्च. सकाळी.
काल लगेच निघालो, मेहुणाही बरोबर. बसमध्ये तीन तास बायको खिडकीबाहेर बघत होती. मी लेखाबद्दल समजावलं. ती म्हणाली, पोरगी मला हाका मारत होती, एवढं जावयाने सांगितलंय.

नात आहे. नाक माझ्यावर. मुलगी आईचा हात धरून रडली, मग झोपली. मला म्हणाली, बाबा, तुम्ही जपून आलात ना?

नातीचा फोटो काढावा म्हणून फोन उघडायला गेलो. पासवर्ड आठवेना. एकतीस वर्षांचे सगळे नंबर एकदम आठवले, तो सोडून. पार्टाचाच नंबर असणार, म्हणत मेहुण्याने मला न विचारता स्वतःच्या फोनवरून रॅकवाल्याला फोन लावला, स्पीकरवर. तो भरल्या खोलीत म्हणाला, तीन सात एक नऊ, साहेब दर वेळी फोन उघडताना मोठ्यानं म्हणतात की, मला वाटतं गिऱ्हाईक आलं. आणि सीलं तेवढी खिडकीवर पडली आहेत, परत रॅकवर लावू का?

तीन सात एक नऊ. फोन उघडला. वर पहिलीच ओळ: वॉशर, सात मिस्ड कॉल. जावई मागे उभा होता. हळूच म्हणाला, बाबा, हा नंबर माझा आहे. सुरक्षेचा मुद्दा त्याला समजावून सांगणार होतो. पण मेहुणा इतका हसला की नर्सने त्याला बाहेर काढलं. फोटो त्याच्याच फोनमध्ये आहेत. वॉर्डबॉयने काढले.

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. जावयाला ‘जावई’ केलं, मुलीला ‘मुलगी’. मग नवा पासवर्ड टाकला. मी तिच्या तोंडाकडे नीट बघत होतो.

ओठसुद्धा हलले नाहीत.