फ्रिज बंद करून काढलेला घरचा आवाज

ती. स्व. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली खरोखर खाली वाकलो तर उठवायला माणसं बोलवावी लागतात, म्हणून तो कागदावरच उरकून घेतो.) तुझा खांदा कसा आहे? कानातलं यंत्र शिट्टी वाजवायचं थांबलं का? फोनवर तुझ्यापेक्षा तेच माझ्याशी जास्त बोलतं, म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. आम्ही दोघं ठीक. तुझी वहिनी माझ्यावर चिडलेली आहे, म्हणजे तिची प्रकृती उत्तम आहे.

तर भिंगरीची हकीकत. (भिंगरी म्हणजे आमच्या लेकीची लेक, तिकडे परदेशी असते ती. तू तिला पाहिलंस तेव्हा ती रांगत होती आणि तुझ्या चष्म्याची काडी तिनेच मोडली होती.) तिच्या शाळेत देशोदेशीची मुलं आहेत. बाईंनी सगळ्यांना सांगितलं की आपापल्या आजी-आजोबांच्या घरचा आवाज आणा, फक्त एका मिनिटाचा. आपण कुठले, हे म्हणे मुलांना त्यावरून कळेल. भिंगरीने फोनवर मला तिच्या त्या अर्ध्यामुर्ध्या मराठीत हे समजावलं. तिची वाक्यं आपल्या भाषेत सुरू होतात आणि मध्येच दुसऱ्या गाडीत बसून निघून जातात. लेक म्हणते, समजतं तिला सगळं, बोलत नाही इतकंच. मला मात्र रात्रंदिवस तीच काळजी. माझी नात उद्या माझ्याशी दुभाष्या घेऊन बोलेल की काय, असं वाटायचं. म्हणून हे काम मी फार मनावर घेतलं.

शिवाय आवाज म्हणजे माझाच प्रांत. बसस्थानकाच्या त्या काचेच्या खोलीत बसून मी उभी हयात गाड्या पुकारल्या. (आता तिथे यंत्र बोलतं. बाईचा आवाज आहे, गोड आहे, पण गाडी उशिरा आली तरी तिला त्याचं काहीच वाटत नाही.) मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वहिनीला ठेवणीतली साडी नेसायला लावली. आवाजात साडी दिसत नाही, असं ती म्हणत होती. पण घरंदाजपणा ऐकू येतो, असं मी तिला बजावलं. मग खिडक्या लावल्या. पंखा करकरतो म्हणून बंद केला. भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. फ्रिज घरघरतो म्हणून त्याची पिन काढली. खालच्या पत्रेवाल्याला जाऊन विनंती केली की बाबा रे, थोडा वेळ हातोडा खाली ठेव, परदेशात आवाज जायचा आहे. तो भला माणूस. त्याने हातोडा ठेवला आणि परदेशात आवाज कसा जातो ते बघायला स्वतःच वर येऊन बसला.

मग मी फोन हातात धरून घसा साफ केला आणि बोललो. आपला उज्ज्वल वारसा, पूर्वजांचे संस्कार, मातीशी असलेलं नातं, असं बरंच काही बोललो. ताई, यातला एकही शब्द मी घरात कधी वापरलेला नाही. तरी बरं चाललं होतं. पण समोर बोलायचं यंत्र आलं की माझी जीभ जुन्या रुळावर जाते. 'संस्कारांची ही शिदोरी' इथवर आलो आणि पुढे तोंडातून निघालं, 'फलाट क्रमांक चारवर उभी आहे, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.' पत्रेवाला सवयीने उभा राहिला. वहिनी पदरात तोंड घालून हसत होती. मी तसंच ते पाठवून दिलं.

भिंगरीचा लगेच फोन. तिने फार शांतपणे विचारलं, "आजोबा, हे कुणाचं घर आहे?"

ती म्हणाली की आपल्या घरात तर आवाज असतात. पंखा असतो, खालची ठोकाठोक असते, आजी ओरडत असते. तिला ते हवं होतं. बघ ताई, दोन सुट्ट्यांपुरती काय ती आली पोर, पण तिने घर कानात भरून नेलं होतं. आणि मी ते पुसून, फडका मारून, रिकामं करून पाठवलं. लहानपणी आपलंही तसंच होतं की. जिन्यावर बाबांचं खाकरणं ऐकू आलं की आपण झटकन पुस्तकं उघडायचो, तुझं बहुतेक वेळा उलटं असायचं. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचं मशीन थांबलं की आता त्या भांडायला खाली येणार, हे आपल्याला आधीच कळायचं. आपल्या त्या दोन खोल्या पाडून तिथे आता दुकानं झाली. पण डोळे मिटले की मला आजही तिथे अंधारात नीट चालता येतं. खरं सांगतो, रडू आलं.

मग दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न. पंखा लावला, खिडक्या उघडल्या, पत्रेवाल्याला सांगितलं ठोक. त्याने एरवी कधी ठोकलं नसेल इतक्या तालात ठोकलं. राहिलं वहिनीचं ओरडणं. मी म्हटलं, हं, ओरड. ती म्हणाली, असं सांगून ओरडता येत नाही, कारण लागतं. जन्मभर जिला कारण शोधावं लागलं नाही, ती बाई ऐन वेळी कारण मागत होती. मी दोन-चार सुचवली, तर तिने ती हसून सोडून दिली. वैतागून मी फोन ओट्यावर ठेवला आणि म्हटलं, राहू दे, चहाच कर. तिने दूध काढून तापत ठेवलं, आणि ते फाटलं. मग तिला आठवलं की फ्रिजची पिन कुणी काढली होती आणि परत लावायला कोण विसरलं होतं. पुढचं तुला सांगायला नको. अक्कल, माझी नोकरी, माझ्या घराण्याची वेंधळेपणाची परंपरा (यात तूही आलीस) असं सगळं निघालं. मीही गप्प बसलो नाही. फोन ओट्यावर चालूच होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तेच पाठवलं.

वर्गात ते वाजलं म्हणे. शब्द एकालाही कळला नाही, पण सगळी पोरं हसली, आणि कुठल्याशा दूर देशातली एक मुलगी म्हणाली की माझी आजी अशीच ओरडते. मग लेकीचा फोन आला. पंख्याची करकर ऐकली आणि ती तिकडच्या स्वयंपाकघरात खालीच बसली म्हणे. आणि भिंगरीने तर ते सगळं भांडण पाठ केलं आहे. परवा जावयाच्या हातून कप फुटला, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्कल काय फ्रिजमध्ये ठेवली होती? तिथे ठेवली असती तर ती पण नासली असती." पूर्ण वाक्य, ताई. सुरू झालं त्याच भाषेत संपलं. जावयाने फोन करून माझ्याकडे तक्रार केली आणि मी सगळ्यांना चहा पाजला.

तब्येतीला जप. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. वहिनीने पत्र वाचलं. दूध आधीच जुनं होतं, हे मी लिहू नये असं ती म्हणते. मी ते लिहिलेलं नव्हतं, पण आता लिहिलं गेलं.

ता. क. २. एक काम आहे. आई जेवायच्या वेळी गॅलरीतून आपल्याला हाका मारायची. आधी तुला, मग मला, माझ्या त्या घरातल्या नावाने, शेवट लांबवत. तुझा आवाज आता हुबेहूब तिच्यासारखा झाला आहे. नातवाला सांग, तुझ्या तोंडून ती हाक फोनवर घेऊन मला पाठवायला. भिंगरीला शाळेसाठी हवी आहे.

ता. क. ३. भिंगरीचं शाळेचं काम कधीच संपलं. हाक मला हवी आहे. त्या नावाने मला हाक मारू शकेल असं तुझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. आणि पाठवशील तर तिसरी पाठव, आई चिडून मारायची ती. पहिल्या दोन हाकांना मी कधी वर आलो नव्हतो.