सहा बादल्या रक्त

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र आलं. माझा हेरगिरीचा सिनेमा शुक्रवारी लागतोय आणि ते पहिल्याच खेळाला जाणार म्हणतात. काहीही कर, पण त्यांना अडव. त्या सिनेमात मी तीन महिने दुसरं काही केलेलं नाही, फक्त रक्त केलंय. साखरेचा पाक, लाल रंग, चिमूटभर कोको, अशा सहा बादल्या. हिरो बेचाळीस माणसं मारतो आणि प्रत्येकाचा सदरा मी भिजवलाय.

कारखान्यात शेजारच्या माणसाचा हात मशीनमध्ये गेला तेव्हापासून बाबांना रक्त सोसत नाही, हे तुला मी काय सांगू. गेल्या वर्षी दाढी करताना जरासं कापलं तर चक्कर येऊन बेसिनवर आपटले, कपाळाला पाच टाके पडले. थिएटरच्या पायऱ्यांवर पडले तर? दहा वर्षांत त्यांनी माझं एकही काम पाहिलेलं नाही, ते मला चालतं. पोट बिघडल्याचं सोंग कर, पण जाऊ देऊ नकोस.

लोभ आहेच, तो या कामी लाव.

तुझा,
रंगाऱ्या

९ मार्च

चि. रंगाऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

आम्ही सिनेमाहून परतलो तर तुझं पत्र दारात पडलेलं. जीव भांड्यात पडू दे, बाबा ठणठणीत आहेत.

अरे, पण तुझं रक्त गेलं कुठे? बेचाळीस माणसं मेली, एकाच्याही सदऱ्यावर डाग नाही. गोळी लागली की माणूस पोत्यासारखा आडवा, आणि हिरोची इस्त्रीसुद्धा मोडत नाही. तिकीट फाडणारा म्हणाला, पोरासोरांनाही आत सोडता यावं म्हणून सिनेमाच्या मालकांनी शेवटी सगळं लाल पुसून काढलंय. तुझ्यासाठी वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं, दोन्ही एकदम. बाकी सिनेमा रटाळच. गद्दार कोण ते मला मध्यंतराआधीच कळलं होतं.

बाबांनी मात्र अंधार झाल्यापासून डोळे गच्च मिटले होते. बंदूक वाजली की माझ्या हातात नखं रुतायची. बाहेर जाऊ या म्हटलं तर नुसती मान हलवायचे. शेवटी नावं सुरू झाली तसं मी कानात सांगितलं. मग डोळे उघडले आणि तुझं नाव वर सरकून जाईपर्यंत पाहत राहिले.

पडद्यावर रक्त नव्हतंच, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तूही सांगशील तर याद राख. खाली त्यांनी दोन ओळी लिहिल्यात. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

चि. बाळास आशीर्वाद. सिनेमा पाहिला. मी जराही घाबरलो नाही. तुझं रक्त मात्र अगदी खरं वाटलं.
बाबा